पदकामागची सोबत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी सभासदांपैकी एकीने काही तरी बोलावे, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. आजवर संतांची चरित्रे झाली, मुलांचे आजार झाले, काटकसरीचा संसार झाला, उन्हाळ्याचे पदार्थ तर दोनदा झाले. यंदा चिटणीसबाईंनी मला विचारले तेव्हा मी ‘ऑलिंपिकच्या आठवणी’ हा विषय सांगितला. त्या म्हणाल्या, “अहो, हा तर पुरुषांचा विषय!” मी म्हटले, “आधी ऐकून तर घ्या, मग ठरवा.”

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेरच्या गावी शाळाच तेवढी होती. तेव्हा मी खेळातली कोणी जाणकार नाही, हे आधीच सांगते. पण माझ्या सासऱ्यांना खेळाच्या बातम्यांचे फार वेड. रेडिओ होता तेव्हा ते रेडिओला कान लावून बसत, टीव्ही आला तेव्हा टीव्हीपुढे. दर चार वर्षांनी ऑलिंपिक आले म्हणजे दोन आठवडे आमच्या स्वयंपाकाच्या वेळा सामन्यांप्रमाणे ठरत. भाकरी थापता थापता कान बाहेरच्या खोलीकडे, असे करता करता मलाही गोडी लागली. पुढे सासरे थकले, तरी माझे वेड काही गेले नाही.

इतकी वर्षे पाहून-ऐकून माझ्या ध्यानात एक गोष्ट आली, तीच आज सांगायची आहे. पदक एकाच्या गळ्यात पडते, पण तिथवर तो एकटा गेलेला नसतो. कोणी तरी त्याला सोबत केलेली असते. सोबत हा शब्द आपल्या बायकांच्या फार ओळखीचा. पहिलटकरीण माहेरी निघाली की तिला सोबत पाहतात, रात्री कोणाकडे आजारपण असले की शेजारीण सोबतीला जाते. तशीच ही गोष्ट आहे.

सुरुवात आपल्या शेजारपासूनच करते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीत आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते काढले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक झाले, तेव्हा या मंडळाची मुले तिथे गेली आणि आपले कबड्डी, मल्लखांब असे देशी खेळ त्यांनी परदेशी लोकांना करून दाखविले. ज्या मातीत आपण पऱ्हाटी लावतो, त्या वऱ्हाडच्या मातीतली मुले त्या काळी बर्लिनला गेली! त्याच ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्या कप्तानीखाली आपल्या हॉकी संघाने जर्मनीला त्यांच्याच घरी ८-१ असे हरविले. तो दिवस १५ ऑगस्टचा होता. तेव्हा कोणाला ठाऊक होते, की अकरा वर्षांनी हीच तारीख आपल्याला केवढी मोठी होणार आहे!

पुढे देश स्वतंत्र झाला आणि १९४८ साली लंडनला, १२ ऑगस्ट रोजी, आपण इंग्रजांना हॉकीत ४-० असे हरवून सुवर्णपदक घेतले. ज्यांनी आपल्यावर राज्य केले, त्यांच्या राजधानीत आपला तिरंगा वर चढला. ही हकीकत सांगताना सासऱ्यांचा आवाज दर वेळी भरून येई.

पण त्यांची सर्वांत आवडती गोष्ट खाशाबा जाधवांची. १९५२ साली ते बारा वर्षांचे होते. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता, महाराष्ट्र राज्य अजून व्हायचे होते. खाशाबांच्या पदकाची बातमी कळली तेव्हा त्यांच्या गावच्या आखाड्यात गूळ वाटला, असे ते सांगत.

खाशाबा सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली लंडनला त्यांचा सहावा क्रमांक आला होता. १९५२ साली हेलसिंकीला जायचे, तर पैसा नाही. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. मैत्रिणींनो, घर गहाण ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना सांगायला नको. प्राचार्यांच्या घरातल्या बाईने त्या रात्री काय विचार केला असेल, हे मात्र कुठल्या पुस्तकात आलेले माझ्या वाचनात नाही.

खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. पण त्यांची एक हकीकत मनाला लागते. जपानच्या इशीबरोबर त्यांची कुस्ती फार लांबली. ती हरल्यावर लगेच सोव्हिएत संघाच्या पहिलवानाशी लढायला त्यांना उभे केले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती; पण त्यांच्या बाजूने तसे बोलायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. म्हणजे पाहा, गावाने समुद्रापलीकडे पोचविले, आणि ऐन वेळी आपले म्हणायला जवळ कोणी नव्हते. घरी परतल्यावर शंभरावर बैलगाड्या जोडून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून देणे फेडले, पोलिसात नोकरी केली, आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या पश्चात मिळाला. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

त्याच हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या देशातर्फे चार स्त्रियाही गेल्या होत्या. नीलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसूझा धावणाऱ्या, डॉली नाझीर आणि आरती साहा पोहणाऱ्या. आरती त्या वेळी अकरा वर्षांची होती! आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला आपण कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवताना दोनदा विचार करतो. तिच्या घरच्यांनी तिला हेलसिंकीला पाठविले. हीच आरती पुढे १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून गेली, आणि असे करणारी आशियातील पहिली स्त्री ठरली.

१९८४ साली लॉस एंजलिसला पी. टी. उषाचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. डोळ्याची पापणी लवायला याहून अधिक वेळ लागतो. तिला काही मिळाले नाही, पण त्या वर्षानंतर गावोगावी जोरात धावणाऱ्या मुलीला लोक ‘पी. टी. उषा’ म्हणू लागले. मी खो-खोत पळत असे तेव्हा आमचे गुरुजी मलाही तसेच म्हणत. २०२२ साली त्या भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. चौथा क्रमांकही वाया जात नाही, असे मला तेव्हा वाटले.

खाशाबांनंतर दुसरे वैयक्तिक पदक यायला चव्वेचाळीस वर्षे लागली. १९९६ साली लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले. त्याचे वडील १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या हॉकी संघात होते, आईही बास्केटबॉल खेळलेल्या. त्याला सोबत घरातच होती.

२००० साली सिडनीला करनम मल्लेश्वरी हिने वजन उचलण्यात कांस्यपदक घेतले. ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. एकदा ११० किलो आणि एकदा १३० किलो तिने डोक्यावर उचलले. त्या वेळी मी नवी नवरी होते. सासूबाईंनी विचारले, “१३० किलो म्हंजे किती वो?” मी म्हटले, “दोन कट्टे गहू, अन् वरून तीस किलो.” त्यांनी कोठीतल्या कट्ट्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “मंग हे पोरगी कोनाले आयकत नसन!” घरात सगळे हसले.

२००८ साली बीजिंगला, ११ ऑगस्टला, अभिनव बिंद्राने नेमबाजीत पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. २०१२ साली लंडनला बायकांची बॉक्सिंग प्रथमच ऑलिंपिकमध्ये आली, आणि मेरी कोमने कांस्यपदक घेतले. तेव्हा ती जुळ्या मुलांची आई होती. ती सरावाला जाई तेव्हा मुलांना नवरा सांभाळी. आमच्याकडे ही बातमी वाचली गेली तेव्हा माझ्या मालकांनी वर्तमानपत्र जरा उंच धरले, हे मी पाहिले.

२०१६ सालच्या रिओच्या दोन आठवणी सांगते. त्या वर्षी राखीपौर्णिमा १८ ऑगस्टला होती. आपण पहाटे उठून ओवाळणीची तयारी करीत होतो, आणि बातमी आली, की रात्री साक्षी मलिकने कुस्तीत कांस्यपदक मिळविले. ती ०-५ अशी मागे होती, आणि ८-५ अशी जिंकली. त्या सकाळी भावांना राख्या बांधताना घरोघरी तिचेच नाव निघाले असेल.

दुसरी आठवण ललिता बाबरची. ती सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावची. माण म्हणजे कायमचा दुष्काळी मुलूख. शेतकऱ्याची मुलगी. तिची शर्यत तीन हजार मीटरची. वाटेत अडीच फूट उंचीचे अडथळे अठ्ठावीस वेळा ओलांडायचे आणि सात वेळा पाण्यावरून उडी घ्यायची. ती अंतिम शर्यतीत पोचली. ट्रॅकवरच्या अंतिम शर्यतीत उषानंतर बत्तीस वर्षांनी आपली एक मुलगी उभी होती, आणि तीही आपल्या महाराष्ट्राची. तो दिवस स्वातंत्र्यदिनाचा होता. तिचा दहावा क्रमांक आला. पदकांच्या यादीत तिचे नाव सापडत नाही. पण माझी धाकटी लेक तेव्हा लहान होती, ती टीव्हीसमोर उभी राहून उशीवरून उड्या मारू लागली. तिच्या धावण्याची सुरुवात मी त्या दिवसापासून धरते.

टोकियोचे ऑलिंपिक साथीमुळे एक वर्ष पुढे जाऊन २०२१ साली झाले. ७ ऑगस्टला नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक घेतले, तेव्हा आपल्या गल्लीत फटाके वाजले होते, हे तुम्हांला आठवत असेल. पुरुषांच्या हॉकीला एक्केचाळीस वर्षांनी पदक मिळाले. आपल्या मुलींनी हॉकीत ऑस्ट्रेलियाला हरविले, पण कांस्यपदकाचा सामना ३-४ असा गमावला. त्या मैदानावर रडल्या, तेव्हा मीही पदराने डोळे पुसले.

पण माझ्या मनात घर केले ते मीराबाई चानूने. मणिपूरच्या लहानशा गावातली ही मुलगी. तिने एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. तिच्या कानांत ऑलिंपिकच्या पाच कड्यांच्या आकाराचे सोन्याचे डूल होते. ते तिच्या आईने स्वतःचे दागिने मोडून करून दिले होते. आणि दुसरी गोष्ट तर त्याहून मोठी. तिचे सरावाचे ठिकाण गावापासून दूर इंफाळला. भाड्याला पैसे नसत. रेती नेणारे ट्रकवाले तिला फुकट नेत-आणत. पदक मिळाल्यावर तिने त्या ट्रकवाल्यांना शोधून काढले, सुमारे दीडशे जणांना घरी बोलावून जेवू घातले आणि कपडे देऊन त्यांचा मान केला. एकटीदुकटी मुलगी रोज परक्या माणसांच्या ट्रकमधून जात होती आणि सुखरूप पोचत होती, हे त्या माणसांचेही पदकच म्हणायचे.

२०२४ साली पॅरिसला मनू भाकरने नेमबाजीत दोन पदके घेतली. आणि १ ऑगस्टला स्वप्नील कुसळेने नेमबाजीतच कांस्यपदक मिळविले. तो कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. वडील शिक्षक, आई तेव्हा गावची सरपंच होती. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला हे वैयक्तिक पदक मिळाले. माझे सासरे त्या आधीच गेले. असते तर त्यांनी खाशाबांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली असती.

त्याच पॅरिसमध्ये विनेश फोगाट एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन शंभर ग्रॅम जास्त भरले म्हणून बाद झाली. रात्रभर तिने घाम गाळला, केससुद्धा कापले. आमच्या सासूबाई म्हणाल्या, “शंभर गिराम म्हंजे मूठभर डाय! तेवढ्यासाठी पोरीले काढून टाकलं?” सोबत असली म्हणजे पदक मिळतेच असे नाही, हे त्या दिवशी कळले. विनेशजवळ रात्रभर डॉक्टर, शिक्षक सगळे जागत होते. तरी नियम तो नियम. पण पडलेल्या वेळी ती एकटी नव्हती, हे काय थोडे झाले?

आणखी एक सांगते. भालाफेकीत या वेळी पाकिस्तानच्या अर्शद नदीमला सुवर्ण मिळाले आणि नीरजला रौप्य. तेव्हा नीरजची आई म्हणाली, की सुवर्ण जिंकणाराही आपलाच मुलगा आहे. ती खेड्यात चूल-पोतेरे सांभाळणारी आपल्यासारखीच बाई. तिने हे सहज म्हटले, आणि दोन्ही देशांत लोकांच्या डोळ्यांत पाणी आले.

मैत्रिणींनो, या आठवणी गोड आहेत, पण नुसत्या चघळत बसण्यासाठी मी त्या सांगितल्या नाहीत. आता आपल्या दारव्ह्याकडे येते.

शाळांच्या स्पर्धा तालुक्याला होतात, मग जिल्ह्याला, मग अमरावती विभागाच्या, आणि मग राज्याच्या. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आपल्या भागातल्या तीन मुली धावण्यात जिल्ह्यातून विभागासाठी निवडल्या गेल्या. त्यांत माझी धाकटी होती. दोन रात्री बाहेर राहायचे होते. तिघींपैकी दोघी गेल्याच नाहीत. त्यांच्या पायांत काही कमी नव्हते. त्यांतली एक तर माझ्या मुलीच्या पुढे असे. पण दिवस कापूसवेचणीचे. एकीची आई दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जाते. तीन दिवस घरी राहिली तर तीन दिवसांची मजुरी बुडते. दुसरीच्या घरी म्हातारी आजारी. बापांचे म्हणणे एकच पडले, “ओळखीची बाईमाणूस सोबत असती तर पाठवलं असतं.” त्यांना नाव ठेवायला माझी जीभ वळत नाही. मुलीच्या काळजीने कोणाचा जीव खाली-वर होत नाही?

माझी मुलगी गेली, कारण माझ्या जाऊबाईंनी घर, गडी आणि वेचणी सांभाळली आणि मी तिच्याबरोबर गेले. सासूबाई निघताना म्हणाल्या, “पोरीच्या जातीले येवढं धावून काय करा लागते?” असे म्हणून त्यांनीच वाटेसाठी धपाटे बांधून दिले. माझ्या मुलीचा सहावा क्रमांक आला. पदक काही मिळाले नाही. पण परत आल्यावर ती पुढे असणारी मुलगी आमच्या दारी आली आणि माझ्या मुलीला विचारू लागली, “तिथला ट्रॅक कसा होता? पायाला कसा लागतो?” माझी मुलगी सांगत होती, ती ऐकत होती. मी आत पोळ्या लाटत होते, पण माझा हात थांबला. जी तिथे पळायला हवी होती, ती ट्रॅकची गोष्ट ऐकत होती.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपण चाळीस जणी सभासद आहोत. ज्यांना दोन दिवस घर सोडता येईल अशा बायकांची एक यादी चिटणीसबाईंच्या वहीत करावी. तालुक्यातील कोणतीही मुलगी खेळासाठी बाहेरगावी निवडली गेली आणि तिला सोबत नसली, की यादीतल्या दोघींनी पाळीने जावे. आईवडिलांना आपण ओळखीच्या आहोत, ते नाही म्हणणार नाहीत. एस. टी.त बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. राहिलेला खर्च म्हणाल, तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून देतो. घरोघरी ते डबे पडून आहेत. एक वर्ष वाण तिळगुळाचेच ठेवू, आणि प्रत्येकी पन्नास रुपये या कामासाठी काढू. चाळीस जणींचे दोन हजार होतात. दोन मुलींचे आणि दोन बायकांचे भाडे आणि जेवण त्यात आरामात भागेल. घर गहाण ठेवायची कोणावर पाळी येणार नाही.

यातून दारव्ह्याची मुलगी उद्या ऑलिंपिकला जाईल, असे मी म्हणत नाही. जाईल न जाईल, ते तिच्या पायांवर आणि नशिबावर. आपण सोबत करायची ती अमरावतीपर्यंत. यादीत पहिले नाव माझे लिहावे. जाऊबाईंना मी विचारून आले आहे. येत्या वर्षीच्या स्पर्धांना अजून अवकाश आहे, तेवढ्यात आणखी नऊ-दहा नावे आली तरी पुष्कळ झाले.

माझ्या शिक्षणाच्या मानाने पुष्कळ बोलले. उणेअधिक झाले असेल तर गोड मानून घ्यावे.  वही चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवलेली आहे.